कलम चौदा आणि सव्वाचारची गाडी

प्रिय ईरा आणि निहार,

मागच्या महिन्यात ईराने फोनवर सांगितलं, की तिच्या विद्यापीठातल्या विद्यार्थी संघाच्या धोरण समितीवर तिची निवड झाली आहे. मी अभिनंदन करणार तेवढ्यात तीच म्हणाली, "आजी, इतकं कंटाळवाणं काम आहे ना! एक घटना, तिच्याखाली पोटनियम, त्याखाली ढीगभर धोरणं. कोण वाचतं हे सगळं?" मागून निहार ओरडला, "कुणीच नाही!" आणि तुम्ही दोघं खूप हसलात.

उत्तर तेव्हाच लिहिलं असतं, पण डोळ्यावर पट्टी होती, मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. आता पट्टी निघाली आहे आणि वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंही लख्ख दिसतात. त्यातच इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या. म्हणून एका लेखात दोन कामं करते आहे. अंकाचे वाचक वाचतीलच, पण लिहिते आहे तुम्हा दोघांसाठी. मराठी वाचायला तुम्हाला जड जातं, तेव्हा तुमची आई वाचून दाखवेल. मधली वऱ्हाडी वाक्यं मात्र बाबांकडून वाचून घ्या. आई पुण्याची, तिला तो हेल जमत नाही.

मी यवतमाळच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते, एवढं तुम्हाला माहीत आहे. पण आठ वर्षं मी तिथल्या विद्यार्थी संघाची निवडणूक अधिकारीही होते, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते काम मी मागितलं नव्हतं. संघाची घटना इंग्रजीत होती आणि प्राचार्यांच्या मते इंग्रजी वाचणं ही इंग्रजीच्या माणसाची जबाबदारी होती. त्यांनी एक पिवळी पडलेली टंकलिखित प्रत माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "बाई, हे जरा मराठीत आणा. भांडणं होतात, पण कशावरून होतात तेच कुणाला कळत नाही."

घटना म्हणजे संघ कोणाचा, त्यात पदं कोणती, ती कशी भरायची, कोणाला काय करायचा अधिकार आणि कोणाला नाही, याची लेखी कबुली. ती सर्वसाधारण सभेने मंजूर करायची आणि बदलायची झाली तर सात दिवस आधी सूचना लावून, दोन-तृतीयांश हात वर झाले तरच बदलायची. हे कठीण मुद्दाम केलेलं असतं. रागाच्या भरात कोणी नियम बदलू नयेत म्हणून.

ती प्रत वाचताना चौदाव्या कलमावर मी थांबले. तिथे लिहिलं होतं, की संघाला एक नौकाविहार सचिव असेल.

आपल्या यवतमाळात तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. गुंडं, घागरी, बादल्या, सगळं भरून ठेवायचं आणि पुढचे सात दिवस जपून वापरायचं. अशा गावात नौकाविहार सचिव! कार्यालयात गुलाबराव म्हणून मुख्य लिपिक होते. महाविद्यालय सुरू झालं त्या दिवसापासूनचे. त्यांना विचारलं, तर टंकयंत्रावरून मान न उचलता ते म्हणाले, "ते होय का? पहिल्या प्राचार्यांचे साळे समुद्राकाठच्या कॉलेजात होते जी. त्यांच्याकडून घटना मागवली. मी टाइप केली. कॉलेजचं नाव तेवढं बदलवा म्हणाले, मी तेवढंच बदलवलं."

"पण गुलाबराव, होडी?"

"होडी बदलवा म्हणून कोणी सांगतलंच नाही."

आणि तेव्हापासून दरवर्षी नौकाविहार सचिव निवडला जात होता! सभागृहाच्या भिंतीवर लाकडी सन्मानफलक होता, त्यावर अध्यक्ष, सचिव, क्रीडा सचिव यांच्या शेजारी एक रकाना नौकाविहार सचिवांचा होता आणि त्यात पांढऱ्या रंगाने नावं रंगवलेली होती.

मी मराठी मसुदा केला आणि ते कलम गाळायचा ठराव सभेपुढे ठेवला. माझी समजूत अशी, की सगळे हसतील आणि हात वर करतील. हसले खरे, पण हात खालीच राहिले. बाभुळगावकडचा एक उंच मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, पद हाय तं राहू द्या ना. कायले काढता? आमच्या गावात होडी कुठं हाय म्हणून कोणी विचारत नाही. पद कोणतं भेटलं तेच विचारतात." टाळ्या पडल्या. ठराव नापास. मी कलम चौदा इंग्रजीतून मराठीत जसंच्या तसं उतरवलं आणि पुन्हा म्हणून वाचलं नाही. माझी पहिली चूक तिथे झाली.

त्या वर्षी मी दोन नवी कलमं मात्र मंजूर करून घेतली. दोन्हींचा मला फार अभिमान होता.

पहिलं असं, की उमेदवाराची मागच्या वर्षाची हजेरी तीन-चतुर्थांश असलीच पाहिजे. कारण आमच्याकडे पुढारी होते ते वर्गात कमी आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जास्त. एका अध्यक्षांना मी त्यांच्याच वर्गात पाहुणे समजून नमस्कार केला होता.

दुसरं कलम आक्षेपांबद्दल. उमेदवारी अर्जांची छाननी असायची, त्या दिवशी कोणीही कोणावरही आक्षेप घेऊ शकायचं, आणि घ्यायचे. अर्जावरच्या फोटोत मिशी आहे आणि उमेदवाराला नाही, म्हणून अर्ज बाद करा, असा आक्षेप मी स्वतः ऐकला आहे. "मिशी काल काढली, मॅडम," उमेदवार म्हणाला. "कायले काढली ते विचारा!" आक्षेपवाला म्हणाला. यावर उपाय म्हणून मी नियम केला: आक्षेप घेणाऱ्याने निर्णयाआधी सर्वांसमोर उभं राहून संघाची घटना पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत मोठ्याने वाचायची. सगळी वाचायला पाऊण तास लागला असता. पुढच्या वर्षी आक्षेप एकावर आले, तोही पाचव्या कलमाशी मागे घेतला गेला, आणि नंतर कोणी घेतलाच नाही.

आता मुख्य गोष्ट. त्यानंतर चौथ्या वर्षाची.

वंदना बाभुळगावच्या पुढच्या एका खेड्यातून रोज एस.टी.च्या लाल गाडीने यायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी असताना मुलांनी गंमत म्हणून नौकाविहार सचिवपदासाठी तिचं नाव सुचवलं, आणि दुसरा अर्जच नसल्याने ती निवडून आली. मुलं खिदळत होती. ती सरळ उठली, माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, या पदाचं काम काय असते?" मी म्हटलं, "वर्षाअखेर अहवाल द्यायचा असतो." वर्षाच्या शेवटी वेळेवर अहवाल देणारी ती एकटीच पदाधिकारी. अहवाल एका ओळीचा होता: 'पाणी उपलब्ध नसल्यामुळे यंदा नौकाविहार झाला नाही.' खाली सही आणि तारीख. मला मुलगी तिथेच आवडली.

तिसऱ्या वर्षी तिने अध्यक्षपदाचा अर्ज भरला. आमच्याकडे तोपर्यंत मुलगी अध्यक्ष झाली नव्हती. मी तिला विचारलं, "काय करायचं आहे अध्यक्ष होऊन?"

"वेळापत्रक समितीत बसायचं हाय," ती म्हणाली.

घटनेप्रमाणे अध्यक्षाला त्या समितीत एक जागा होती. ती आजवर कोणी वापरली नव्हती. वंदनाने ते वाचलं होतं. दिवसाला चार तासिका असायच्या. शेवटची साडेतीनला सुरू व्हायची आणि सव्वाचारला संपायची. तिच्या रस्त्याची गाडी स्थानकावरून सव्वाचारला सुटायची, आणि त्यानंतरची गाडी घरी चालणार नव्हती.

"बाबा म्हणते, सव्वाचारच्या गाडीनं येत असशील तं शीक, नाही तं घरी राहा. आम्ही त्या रस्त्याच्या बारा पोरी हावोत, मॅडम. रोज शेवटचा तास सोडून पळतो. कॉलेज एक तास आधी भरवलं तं कोणाचं काय जाते?"

काही ज्येष्ठ प्राध्यापकांची सकाळची झोप जात होती, पण ते मी तिला सांगितलं नाही.

छाननीच्या आदल्या दिवशी राजेंद्रचा लेखी आक्षेप आला. राजेंद्र दुसरा उमेदवार, वकिलांचा मुलगा, बोलायला चटपटीत, वर्गात नेमाने बसणारा. वाईट मुलगा नव्हता. त्याने माझंच कलम दाखवलं होतं: वंदनाची मागच्या वर्षाची हजेरी तीन-चतुर्थांशाहून कमी आहे. मी गुलाबरावांकडून हजेरीपट मागवला. आक्षेप खरा होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात हिशेब उलगडला. चार तासिकांतली शेवटची रोज गेली, की बरोबर तीन-चतुर्थांश उरतात. म्हणजे त्या बारा मुलींपैकी जी वर्षात एक दिवसही आजारी पडली, ती अपात्र. वंदना तापाने आठवडाभर घरी होती. टपरीवरच्या पुढाऱ्यांसाठी मी कुंपण घातलं होतं. ते तर मित्रांकडून हजेरी लावून घेऊन केव्हाच आत आले होते. बाहेर राहिल्या होत्या त्या या मुली. ज्यांना वेळापत्रकाचा त्रास, त्यांनाच वेळापत्रक समितीत जायची बंदी, आणि ती माझ्या हातची.

पण नियम तो नियम. घटना दुरुस्त करायची तर सात दिवसांची सूचना हवी, आणि अर्ज भरून झाल्यावर केलेली दुरुस्ती त्या अर्जांना लागू करणं तर त्याहून वाईट. आज वंदनासाठी वाकवला, तर उद्या कोणासाठीही वाकवावा लागेल. मी घरी गेले, 'उमेदवारी अर्ज नामंजूर' असा आदेश सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि पर्समध्ये ठेवला. ऐकून घेण्याआधीच निकाल लिहिणं, ही माझी दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागच्या बाकांवर त्या रस्त्याच्या मुली ओळीने बसल्या होत्या. प्राचार्य माझ्या शेजारी. मी आक्षेप वाचून दाखवला आणि वंदनाला विचारलं, "हजेरीचा आकडा मान्य आहे?"

"मान्य हाय."

प्राचार्य घड्याळ पाहत म्हणाले, "बाई, मग ते वाचन राहू द्या आता. सांगून टाका निकाल."

राजेंद्रही म्हणाला, "हो मॅडम, घटना सगळ्यांना माहीतच आहे."

माझा हात पर्सकडे गेला होता. खरं सांगते, मलाही ते लवकर संपवायचं होतं. तेवढ्यात वंदना म्हणाली, "वाचायचा नियम हाय ना जी? मंग वाचू द्या. मले काहून काढून राह्यले ते मले पुरं ऐकू तं द्या."

तिला कलम चौदा माहीत होतं का, असं मी तिला पुढे अनेकदा विचारलं. नव्हतं. तिने आपल्या कामाची कलमं वाचली होती, होडीचं तिनेही सोडून दिलं होतं. तिला फक्त ऐकायचं होतं.

राजेंद्र उभा राहिला आणि वाचू लागला. नाव, उद्देश, सभासदत्व. मुलं जांभया देऊ लागली. मी खिडकीबाहेर बघत होते. हजेरीचं माझं कलम नववं. ते त्याने जरा जास्त जोरात वाचलं. दहा, अकरा, बारा, तेरा. मग चौदा.

"संघाला एक नौकाविहार सचिव असेल." नेहमीचा हशा झाला. तो हसून पुढे वाचू लागला. "नौकाविहार सचिवास दिवसाच्या शेवटच्या तासिकेस उपस्थित राहण्याचे बंधन राहणार नाही, व सदर तासिकेची त्याची हजेरी..."

तो थांबला.

मी खिडकीकडून वळले. समुद्राकाठच्या त्या गावात संध्याकाळी सरावाला पाण्यावर जावं लागत असणार, म्हणून कोणा शहाण्याने ही सूट लिहिली असणार. ती गुलाबरावांनी टाइप केली, मी भाषांतरित केली, आणि आम्ही दोघंही ती विसरलो.

"पुढे वाच, राजेंद्र," मी म्हटलं.

"...त्याची हजेरी पूर्ण धरण्यात येईल."

मागच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "अबे, मागच्या वर्षी सचिव कोण होती?"

मग जो गोंधळ उडाला, तो शांत करायला प्राचार्यांना टेबलावर डस्टर आपटावं लागलं. गुलाबराव दारात उभे होते. हजेरीपट त्यांच्याच हातात होता. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, भिंतीला टेकून बेरीज केली आणि म्हणाले, "शेवटचे तास धरले तं लय वर जाते, जी. आठ दिवस तापाचे सोडूनही."

राजेंद्र लाल झाला होता, पण वकिलाचा मुलगा. म्हणाला, "मॅडम, ही सूट होडी चालवणाऱ्यासाठी आहे. हिने होडी चालवली का?"

मी काही बोलण्याआधी वंदनाच उठली. "नाही चालवली. मी होडी पाह्यली बी नाही. अहवालात लिहून देल्लं हाय. आणि मले एकटीले अशी सूट नको. देता तं साऱ्या पोरींले द्या."

आता निर्णय माझा होता. ईरा, असल्या वेळी एकच विचारायचं असतं: कागदावर काय लिहिलं आहे? कलमात सराव हा शब्द नव्हता, होडी हा शब्दही नव्हता. पद होतं आणि सूट होती. सर्वांसाठी एक नियम आणि एका पदासाठी खास तरतूद असेल, तर त्या पदापुरती खास तरतूद चालते. आणि ते कलम काढून टाकायचा ठराव याच सभेने नापास केला होता. मी तसं सांगितलं. वंदनाला म्हटलं, "सूट तुला नाही, पदाला आहे. नको म्हणायचा अधिकार तुलाही नाही. अर्ज मंजूर." मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेही बोलले. "नववं कलम मी लिहिलं आहे. ते चुकलं आहे. ते ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना अडवत नाही, आणि ज्यांना अडवायला नको त्यांना अडवतं. निवडणूक झाल्यावर मी स्वतः दुरुस्ती मांडणार आहे."

पर्समधला तो कागद बाहेर काढावा लागला नाही, याचं इतकं हलकं वाटलं, की घरी येऊन मी तुमच्या आजोबांना दोनदा चहा करून दिला आणि दोन्ही वेळा साखर विसरले. त्यांनी तक्रार केली नाही. म्हणाले, "आज काहीतरी चांगलं झालेलं दिसतं."

वंदना निवडून आली. फार मतांनी नाही, पण आली. नवव्या कलमाची दुरुस्ती मी मांडली, तेव्हा अनुमोदन द्यायला राजेंद्र उठला. "आक्षेप मीच घेतला होता, दुरुस्तीलाही मीच पाहिजे," म्हणाला. "आणि मॅडम, ते उभं राहून वाचायचं कलम तेवढं काढा ना." दुरुस्ती मंजूर झाली, ते मात्र मी काढलं नाही. वेळापत्रक समितीत वंदना तीनदा बोलली. दोन वेळा ज्येष्ठांनी ऐकलं नाही, तिसऱ्या वेळी ती गाड्यांचं वेळापत्रक आणि बारा मुलींच्या सह्या घेऊन गेली. पुढच्या सत्रापासून महाविद्यालय एक तास आधी भरू लागलं.

एक खंत राहिली आहे, ती लिहून ठेवते. त्या आधीची तीन वर्षं हजेरीचं ते कलम लागू होतं. त्या काळात सूचनाफलकावर ते वाचून किती मुली अर्ज न भरताच परत गेल्या असतील, हे मला माहीत नाही. नामंजूर अर्जांची नोंद असते. न भरलेल्यांची कुठल्याच रजिस्टरात नसते. मी नीटनेटकी बाई, माझ्या कामाच्या सगळ्या वह्या अजून कपाटात ओळीने आहेत. त्या वह्यांत या मुली नाहीत.

पुढे राज्यात थेट निवडणुकाच बंद झाल्या, वरून नवे नियम आले, आणि आमची घटना कपाटात गेली. वंदना शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि आता यवतमाळातच लोहाऱ्याच्या बाजूला राहते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आली होती. पट्टी बांधलेल्या मला तिने वर्तमानपत्र वाचून दाखवलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी म्हटलं, "अगं, जाहिराती सोड." तर म्हणाली, "नाही जी, पुरं ऐका."

तेव्हा ईरा, तुझ्या समितीत ज्या कलमाचा सगळ्यात जास्त कंटाळा येईल, ते मोठ्याने वाच. कोणी नसेल तर निहारला समोर बसव. त्याला काही काम नसतं.

मागच्या आठवड्यात नव्या डोळ्यांनी महाविद्यालयात जाऊन आले. काय उरलं आहे ते पाहिलं. घटना आता लागू नाही. तिची एक प्रत माझ्याकडे आहे आणि तिच्या पुठ्ठ्याच्या आत तो सही केलेला, न दिलेला आदेश चिकटवलेला आहे. सभागृहातला लाकडी फलक जागेवर आहे. त्यावर वंदनाचं नाव दोनदा आहे, एकदा अध्यक्षांच्या रकान्यात आणि एकदा नौकाविहार सचिवांच्या. आणि शेवटची तासिका आजही सव्वातीनला संपते.